रब्बीच्या मातीतलं चर्चचं वर्ष

दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याची नवी वही उघडते. चैत्रात गुढी उभारली की पंचांग बदलतं. शेतकरी मात्र मृगाचा पाऊस झाल्याशिवाय वर्ष सुरू झालं असं मानत नाही. या तिन्हींच्या जोडीला महाराष्ट्रात आणखी एक वर्ष चालतं, ते ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेचं. नाताळापासून चार रविवार मागं मोजत गेलं, की त्यातला पहिला 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. तो आगमनकाळाचा पहिला दिवस. घरोघरचे आकाशकंदील उतरवून झालेले असतात, रानात शाळू पोटऱ्यात यायच्या बेतात असतो, तेव्हा वेदीवर जांभळं वस्त्र चढतं आणि चर्चमध्ये नवीन वर्ष लागतं.

हे वर्ष कसं चालतं, ते नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, कर्जत तालुक्यात उभं राहून पाहण्याजोगं आहे. रायगडातलं पावसात चिंब होणारं कर्जत वेगळं. हे कर्जत अवर्षणाच्या पट्ट्यातलं. दक्षिणेला भीमा, पूर्वेकडं सीना, आणि मध्ये पसरलेला माळ. पाऊस सरासरीनं पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कुकडीचं आवर्तन पोचतं तिथं ऊस दिसतो, बाकी तालुक्याचं पोट रब्बीच्या ज्वारीवर. रेहेकुरीच्या गवताळ माळावर काळवीट फिरतात. गावाचं दैवत संत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो. राशीनला जगदंबा आहे, सिद्धटेकला अष्टविनायकांतला सिद्धिविनायक. अशा तालुक्यात ख्रिस्ती घरं थोडी आणि विखुरलेली. जिल्ह्यातली मोठी ख्रिस्ती केंद्रं नगर शहरात आणि उत्तरेकडं, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर या भागात.

घरं विखुरलेली असली की मंडळी टिकते ती तारखांवर. रोज कुणी कुणाला भेटत नाही. पण अमुक रविवारी सगळे येणार, हे ठरलेलं असतं. त्या तारखा मात्र दूर देशी ठरल्या. चर्चच्या वर्षाचा साचा भूमध्य समुद्राभोवती आणि युरोपात घडला, तिथल्या थंडीला आणि वसंताला धरून. कर्जतच्या हवेत तो साचा जवळजवळ उलटा पडतो. तिथं ज्या दिवसांत पोटाची चणचण, त्या दिवसांत इथं सुगी. तिथं पिकं डोलतात, तेव्हा इथं माणसं आभाळाकडं बघत असतात. या उलटण्यानं विश्वास पातळ झाला नाही. उलट त्याच्या सणांना इथल्या जगण्याचा अर्थ चिकटला आणि ते सण इथले झाले, असं मला ठामपणानं वाटतं.

हुरड्यातला नाताळ

बर्फ, सूचिपर्णी झाड, शेकोटीभोवती दार लावून बसलेलं घर ही नाताळाची चित्रं युरोपातली. नगर जिल्ह्यात डिसेंबर म्हणजे वर्षातली सगळ्यात सुखाची हवा. सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी ऊन गोड वाटतं. शाळूची कणसं दुधात आलेली असतात. नाताळाच्या सुट्टीला पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, मुंबईहून लेकरं घरी येतात तेव्हा रानात हुरड्याचे दिवस लागत असतात. बांधाच्या कडेला खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्या आगटीत कोवळी कणसं खोचायची, गरम कणीस हातावर चोळून दाणे वेगळे करायचे, वर तिखट-मिठाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा.

घरात फराळ असतो तो दिवाळीचाच भाऊबंद: करंज्या, शंकरपाळी, चकल्या, लाडू. केक अलीकडं सगळीकडं पोचला, पण पाहुण्याच्या ताटात पहिली करंजी पडते. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांची चांदणी दारावर लागते. नाताळाआधीच्या रात्रींत गाणाऱ्यांची टोळी घरोघर फिरते. तिच्याबरोबर पेटी असते, ढोलकी असते, टाळ असतात. शेजारचं घर कुणाचंही असो, चहा तिथंही होतो.

ज्या घरांतली माणसं ऊसतोडीला जातात, त्यांचं गणित वेगळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे आगमनकाळ लागायच्या आत घराला कुलूप, आणि नाताळ कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीवर. पहाटे तोडायला उतरायचं ते उतरायचंच. दक्षिण नगरमध्ये सणाला कोण आलं नाही हे पाहिलं, की त्या वर्षीच्या पावसाचा अंदाज येतो. गोठ्यातल्या एका जन्माची कथा सांगणारा हा सण पाचटाच्या कोपीत साजरा होतो, तेव्हा त्याच्या मूळ प्रसंगाच्या तो सगळ्यात जवळ असतो.

नाताळ न पाळणाऱ्यांनी आणलेला धर्म

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती इतिहासाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. इथं 1831 मध्ये ठाणं उघडणारं अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल परंपरेतलं होतं. त्या परंपरेचे पूर्वज प्युरिटन. बायबलमध्ये सांगितलेला नाही म्हणून नाताळ हा सणच त्यांनी नाकारला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला, तो 1681 मध्ये उठला. आणि त्या राज्यात नाताळाला सरकारी सुट्टी मिळाली ती थेट 1856 मध्ये. म्हणजे नगरला ठाणं पडलं तेव्हा मिशनऱ्यांच्या मायभूमीत 25 डिसेंबर हा बहुतेकांच्या कामाचा दिवस होता. उपवासकाळ, राखेचा बुधवार, संतांचे दिवस यांना तर त्यांच्या उपासनेत जागाच नव्हती. त्यांनी आणलं ते पुस्तक, शाळा आणि रविवार.

शाळांचं काम मोठं झालं. सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडं शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, हे सर्वश्रुत आहे. 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. पण ज्यांनी हा धर्म घेतला, ती माणसं सणांच्या, भजनांच्या, यात्रांच्या मातीतली होती. वर्ष म्हणजे नुसते बावन्न रविवार, हे त्यांना पचणारं नव्हतं. 1860च्या दशकात नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव सांगळे यांनी ते घडवलं: पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-चिपळ्या सगळं तेच, आख्यान मात्र येशूचं. पुढं 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले. तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं ते मानत. त्यांनी आणि त्यांच्याआधी हेन्री बॅलंटाइन, सांगळे यांनी रचलेली गीतं ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय फादर राहुरी-संगमनेर भागात कॅथलिक मिशन घेऊन आले. त्यांच्याकडं मात्र सणांचं भरगच्च वर्ष होतं: रंग, मिरवणुका, जपमाळ, मारियेची भक्ती. पहिल्या महायुद्धात जर्मनांना काम सोडावं लागलं आणि पुढं स्विस फादरांनी ते उचललं. मिस्सा लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. 1970 मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन वारसा एका छताखाली आला आणि जुन्या मिशनच्या मंडळ्यांतही उपासनेचं वर्ष रुळलं. 1987 मध्ये कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला आणि नगर जिल्हा त्यात गेला. आज एखाद्या गावात एक घर पाळकांना बोलावतं, दुसरं फादरांना. पण उपवासकाळ दोन्ही घरांत एकाच दिवशी लागतो.

भरल्या खळ्यावरचा उपवास

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ती राख येते मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाहिलेल्या झावळ्या जाळून. पठारावर नारळ सगळीकडं नसतो, मग ओढ्याकाठच्या शिंदीचे फाटे कामी येतात. वाळलेला फाटा पेटला की क्षणात होरपळतो. राख चाळून बारीक करतात, बोटाला लागेल इतकीच ओली करतात. माती आहेस, मातीला मिळशील, एवढाच त्या खुणेचा अर्थ. ज्यांचे हात त्या आठवड्यात ज्वारी उपटून सोललेले असतात, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

चाळीस दिवसांचा हा उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. युरोपात हे हिवाळ्याच्या शेवटाचे दिवस: कोठारं तळाला गेलेली, नवं पीक दूर. तिथं उपवास आणि टंचाई यांची सांगड आपसूक बसली. कर्जतला याच दिवसांत ज्वारीची काढणी चालते. पेंढ्या बांधतात, कणसं मोडतात, खळ्यावर मळणी होते, कडब्याच्या गंजी लागतात. वर्षभरात घरात धान्याचा ढीग दिसतो तो आताच. म्हणून इथला उपवास सक्तीचा राहत नाही. पोतं भरलेलं असताना ताट मागं सारायचं असतं, आणि त्या वाचलेल्या घासाचं काय करायचं हा प्रश्न लगेच पुढं उभा राहतो.

त्याचं उत्तर मंडळ्यांनी फार पूर्वीच शोधलं आहे. सुगी झाली की मंडळी आपल्या सोयीनं पिकाच्या उपकारस्तुतीचा रविवार धरते. त्या दिवशी चर्चमध्ये वेदीपुढं अख्खं रान उतरतं. कुणी पायलीभर ज्वारी आणतं, कुणी हरभऱ्याचा डहाळा, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. जिच्याकडं जमीन नाही ती बाई रोजगारातले पैसे किंवा परड्यातली कोथिंबिरीची जुडी ठेवते. प्रार्थना झाली की बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव होतो. इथं बाजारभाव चालत नाही. एक भोपळा बोली चढत चढत कोंबडीच्या किमतीला जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. पोरं ओरडत असतात, कोंबडी फडफडत असते. जमलेला पैसा मंडळीच्या कामाला, आजाऱ्याला, शाळेच्या फीला जातो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात न बसणारा हा व्यवहार छोट्या मंडळीला वर्षभर उभं ठेवतो.

एकाच चंद्रावर चालणारे

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते याचं अनेकांना नवल वाटतं. इ.स. 325 मध्ये निकिया इथं भरलेल्या धर्मसभेनं सगळ्या ख्रिस्ती जगानं हा सण एकाच दिवशी पाळावा असं ठरवलं. पुढं रूढ झालेला नियम असा: 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार. म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कधीही. ही पौर्णिमा आपली फाल्गुनाची किंवा चैत्राची. 2024 मध्ये झावळ्यांचा रविवार नेमका होळीच्या दिवशी, 24 मार्चला आला. सकाळी झावळ्या हातात घेऊन मंडळी निघाली आणि संध्याकाळी त्याच गल्लीत होळी पेटली. 2025 मध्ये 12 एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि पुढच्या आठवड्यात, 20 एप्रिलला ईस्टर. त्याच वर्षी रमजानचे रोजे 2 मार्चला आणि राखेचा बुधवार 5 मार्चला, असे एकाच आठवड्यात दोन उपवास सुरू झाले. शेजारच्या श्रीगोंद्यात शेख महंमद महाराजांना वारकरी आपला संत मानतात. त्या भागाला हे शेजारपण नवं नाही.

पवित्र आठवड्यात ऊन तापायला लागलेलं असतं. गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात शब्दांवर चिंतन चालतं. ऊन पत्र्यावर तापत असतं, आणि येशूला तहान लागली होती हा शब्द येतो तेव्हा टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या माणसाला त्याचं भाष्य नको असतं. ईस्टरला पहाटे अंधारात उठून दफनभूमीकडं जायचं, उजाडताना तिथं गायचं, अशी रीत अनेक मंडळ्या पाळतात. विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं, पण कडुनिंबाला आणि पिंपळाला पालवी आलेली असते. कोयते परतायला लागलेले असतात. नाताळाला रिकामी राहिलेली जागा ईस्टरला भरते, म्हणून दक्षिण नगरच्या कष्टकरी घरांना हा सण थोडा अधिक आपला वाटतो.

हिरव्या रंगाचे, टंचाईचे महिने

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. पवित्र आत्मा वाऱ्याच्या झोतानं आणि अग्नीच्या जिभांनी उतरला, तो हा दिवस. तो 10 मे ते 13 जूनच्या दरम्यान येतो, म्हणजे वळवाच्या वावटळी उठतात तेव्हा किंवा मृगाच्या तोंडावर. त्यानंतर आगमनकाळापर्यंतचा लांबलचक काळ सामान्य काळ म्हणून ओळखला जातो. मोठे सण त्यात कमी आणि रंग हिरवा.

माझ्या मते कर्जतच्या ख्रिस्ती वर्षाची खरी कसोटी याच हिरव्या काळात आहे. आषाढ-श्रावणात ज्वारीची कणगी तळाला लागते, हाताला काम मिळेल याची खात्री नसते, बी-बियाण्याला पैसा गेलेला असतो. पावसानं ओढ दिली तर रब्बीची पेरणीही धोक्यात. 1876-77चा दुष्काळ या भागानं सोसला. त्यानंतर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. अन्नासाठी धर्म बदलला असा टोमणा त्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. बहुतेक मंडळी महारवाड्या-मांगवाड्यातली होती. गावाच्या पाणवठ्यावर ज्यांना उभं करत नव्हते, त्यांच्या पोरांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, हे त्या टोमण्यात कधी येत नाही. आणि दुष्काळ सरल्यावरही ती माणसं मंडळीत राहिली, त्यांची पणतवंडं आज रविवारी येतात. भाकरीपुरता आलेला माणूस इतकी वर्षं थांबत नाही.

1972च्या दुष्काळात गहू, मिलो आणि सुकडी हे शब्द घराघरात पोचले. त्या काळात धान्य वाटणाऱ्या संस्थांत चर्चच्या संस्थाही होत्या. पण वाटपानं दुष्काळ हटत नाही, हे ज्यांनी लवकर ओळखलं त्यांत फादर हर्मन बाखर होते. हे स्विस येशूसंघीय धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात ‘बाखर बाबा’ झाले. नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी विहिरी, शेती, पतपुरवठा यांवर काम केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, श्रमदान गावानं करायचं, चराई आणि कुऱ्हाड बंद करायची, या तत्त्वांवर 1989 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. 1993 मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह पाणलोटावर काम करणारी ‘वॉटर’ (WOTR) ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचा उघडा डोंगर त्यातून पालटला. 2021 मध्ये बाखर बाबा गेले. कंपार्टमेंट बंडिंगचा बांध हीही एक प्रार्थना आहे, हे त्यांनी न बोलता शिकवलं.

मतमाऊलीची वाट

हिरव्या काळाच्या मध्यावर जिल्ह्याचा सगळ्यात मोठा ख्रिस्ती मेळा येतो. 8 सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिवस. त्याला धरून श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाऊलीची, म्हणजे मारियेची, यात्रा भरते. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव. तिथलं संत तेरेजा चर्च यात्रेचं ठिकाण. आधी नऊ दिवस नोव्हेना, मग मिस्सा, मिरवणूक, नवस फेडणं, पाळणे, खेळण्यांची दुकानं. राज्यभरातून माणसं येतात, अनेक पायी येतात. त्यांत हिंदू घरंही पुष्कळ. माऊली या नावानं ज्यांची जीभ वळलेली आहे, त्यांना तिथं परकं वाटत नाही. कर्जतच्या बाजूच्या माणसाला ही यात्रा म्हणजे आपण एवढे थोडे नाही, याची वर्षातून एकदा मिळणारी खात्री. गावात चार घरं असतात. हरेगावला मुंगीला वाट नसते. परत आल्यावर शाळूच्या पेरणीची घाई.

कागदावरचं नाव

चर्चचं हे वर्ष पाळणाऱ्यांच्या जगण्याला एक सरकारी बाजूही आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या 1950च्या राष्ट्रपती आदेशात धर्माची अट आहे. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेले दलित बाहेरच राहिले. त्यांना इतर मागासवर्गात धरतात. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. दाखल्याच्या या प्रश्नामुळं एकाच घरात रविवारचं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं राहतं, आणि चर्चमध्ये येणाऱ्या तरुणाला आपला विश्वास मोठ्यानं सांगताना दोनदा विचार करावा लागतो. जात धर्मांतरानं सुटली नाही, हे गावानं त्याला रोज दाखवलं; सवलत मात्र धर्मांतरानं सुटली. ज्यानं हे सोसून तारखा पाळल्या, त्याच्या विश्वासाला कुठल्या दाखल्याची गरज नाही, पण त्याच्या लेकराच्या न्यायाला आहे.

लिहून ठेवण्याचं काम

नगर जिल्ह्याच्या मिशनांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यात ठाणी, शाळा आणि मिशनरी जास्त आहेत. रानात काढणी चालू असताना कोणता रविवार येतो, कोणतं गीत कोणत्या गावात कोणत्या चालीवर म्हणतात, उपकारस्तुतीच्या लिलावात काय काय येत होतं आणि आता काय येतं, फडावर नाताळ कसा केला, दुष्काळात कोणती प्रार्थना सुचली, हे कुठल्याही छापील दिनदर्शिकेत नाही. ते वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. ख्रिस्ती कीर्तनकार कमी झाले आहेत. ध्वनिवर्धकावरच्या तयार गाण्यांनी चाली मागं पडत आहेत. या दहा-पंधरा वर्षांत ते टिपलं नाही, तर पुढं विचारायला कुणी उरणार नाही.

या कामाला मोठी संस्था लागत नाही. प्रत्येक मंडळीतल्या दोन-चार तरुणांनी वही आणि मोबाईल घेऊन आजी-आजोबांपुढं बसायचं आणि वर्षाच्या एकेका सणाबद्दल विचारायचं. पाळक आणि फादर यांनी त्याला उपासनेइतकंच महत्त्व द्यायचं, आणि दोघांनी मिळून द्यायचं. त्यातून जे जमेल ते ख्रिस्ती घरांपुरतं राहणार नाही. दक्षिण नगरच्या सुगीचा, टंचाईचा, ऊसतोडीच्या स्थलांतराचा आणि शेजारधर्माचा इतिहास त्यात येईल, कारण ही माणसं त्याच रानात राबली आहेत आणि त्याच पावसाची वाट पाहत आली आहेत.